पावसाळ्यात उभे इंजिन : आंजर्ले खाडीतल्या एका नौकेचे प्रकरण

नौका दापोली तालुक्यातल्या हर्णैची, पावसाळ्यातला मुक्काम आंजर्ले खाडीत. फायबरची, तेरा मीटरच्या आसपास, ट्रॉलिंगची. पोटात सहा सिलिंडरचे साडेसहा लिटरचे डिझेल इंजिन, आतल्या बाजूला गोड्या पाण्याचे बंद कूलिंग, ते पाणी थंड करायला समुद्राच्या पाण्यावर चालणारा हीट एक्स्चेंजर, आणि धूर वर फेकायला केबिनच्या मागून सरळ उभा गेलेला चार इंची पाइप. असल्या नौका कोकणच्या कुठल्याही बंदरात रांगेने दिसतात. इंजिनात वेगळे असे काहीच नव्हते, म्हणूनच प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. म्हणजे ६१ दिवस इंजिन उभे. हर्णैचे बंदर वाऱ्याला उघडे, तिथे पावसाळ्यात नौका टिकत नाही. मे संपता संपता सगळ्या आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात. काही पाण्यातच बांधून ठेवतात, काही काठावर चढवून शाकारतात. ही चढवलेली होती.

बंदी उठायच्या तोंडावर

गेल्या वर्षी ३० जुलैला नाखव्याने बॅटरी जोडून सेल्फ मारला. इंजिन अर्धवट फिरले आणि खट्कन थांबले. बॅटरी उतरली असेल म्हणून शेजारच्या नौकेवरची आणून जोडली. पुन्हा खट्. तिसऱ्या खेपेला मात्र इंजिनाने उचल घेतली, चार-सहा ठोके टाकले, आतून एक जबर दणका आला आणि पुन्हा हलेचना. मी इंजिनांचा मिस्त्री, मला बोलावणे आले ते त्यानंतर.

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी नोझल काढायला घेतली. पाचव्या सिलिंडरचे नोझल सैल करताच भोकातून तांबूस पाणी वर आले. अशा वेळी पाणी कुठले हे ठरल्याशिवाय हेड उघडायची घाई करू नये. बोट बुडवून जिभेला लावले, खारट नव्हते. म्हणजे ते हीट एक्स्चेंजरमधले किंवा खाडीचे पाणी नव्हे. गोडे पाणी इंजिनात एकाच ठिकाणी असते, बंद कूलिंगमध्ये. पण त्याची वरची टाकी काठोकाठ भरलेली होती, तिथले पाणी कमी झालेलेच नव्हते. मग गोडे पाणी उरले एकच, आभाळातले.

नाखव्याला पटेना. "मिस्त्री, पाऊस वरनं पडतो, इंजिन फळ्यांखाली. वर ताडपत्री, त्यावर झावळ्या. पाणी जाईल कुठनं?"

धुराच्या पाइपातून. शाकारताना पाइप ताडपत्रीच्या बाहेर राहिला होता आणि त्याच्या तोंडावर रंगाचा रिकामा डबा पालथा घातला होता. तो डबा जूनच्या वाऱ्यात कधी उडाला हे कोणालाच ठाऊक नाही. राखणदाराला तो चिखलात सापडला होता आणि त्याने तो नीट उचलून केबिनमध्ये ठेवून दिला होता.

हिशेब करून दाखवला. चार इंची पाइपाचे तोंड म्हणजे सुमारे ८१ चौरस सेंटिमीटर. या किनाऱ्यावर जून-जुलै मिळून पाऊस दीड हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. म्हणजे सरळ पडणाऱ्या पावसाचे बारा लिटर पाणी त्या एका तोंडातून आत येऊ शकते. पाऊस तिरका येतो, सगळे आत जात नाही, हे खरे. पण या इंजिनाच्या एका सिलिंडरमध्ये पिस्टन अगदी वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम सत्तर मिलिलिटरची. तेवढे पाणी भरले की पिस्टनला वर जायला वाव नाही, कारण पाणी दाबले जात नाही. आणि सहा सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन तुम्ही कुठेही थांबवा, एका तरी सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच असतो, बहुतेक वेळा दोघांचा. पाण्याला आत जायला दार शोधावे लागत नाही.

सेल्फच्या ताकदीने पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड सहसा वाकत नाही, सेल्फच अडतो. पहिल्या दोन 'खट्' पर्यंत नुकसान झालेले नसावे. मधल्या वेळात थोडे पाणी रिंगांवाटे खाली तेलाच्या चेंबरमध्ये झिरपले, इंजिनाला फिरायला जरा वाव मिळाला, बाकीची सिलिंडरे पेटली, आणि त्यांच्या जोराने पाचवा रॉड वाकला. हेड उघडल्यावर लायनरवर पाण्याची पातळी दाखवणारी गंजाची रेघ स्पष्ट होती. डिपस्टिकवर तेल दुधाळ. रॉड, लायनर, पिस्टन, सगळी बेअरिंगे, गॅस्केट आणि मजुरी मिळून दीड लाखाच्या वर गेले. ऑगस्टचा पहिला पंधरवडा, ज्यावर वर्षाचे बरेच गणित अवलंबून असते, तो नौका काठावरच होती.

त्याच उघडझापीत दुसरी गोष्ट दिसली, ती पैशाच्या हिशेबात आली नाही पण मला जास्त खुपली. हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांपैकी निम्म्याहून अधिक नळ्या क्षाराने आणि गंजाने अरुंद झाल्या होत्या, आणि आतला जस्ताचा दांडा, जो स्वतः झिजून बाकीच्या धातूला गंजापासून वाचवतो, तो संपून नुसता पितळी बूच उरला होता. एप्रिल-मेमध्ये इंजिन तापत होते, हे नाखव्याने तेव्हा सांगितले.

पुस्तिका थंडीच्या देशातली

इंजिनाबरोबर येणाऱ्या इंग्रजी पुस्तिकेत शेवटाकडे 'हिवाळी साठवण' असा एक भाग असतो. युरोप-अमेरिकेत नौका ऑक्टोबरात बाहेर काढतात आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा पाण्यात घालतात. तिथला शत्रू बर्फ. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि ब्लॉकला तडा जातो. म्हणून तिथे सगळा भर पाणी काढून टाकण्यावर किंवा त्यात गोठणरोधक भरण्यावर. आपल्याकडे तो भाग कोणी वाचत नाही, कारण बर्फ पडत नाही.

माझे म्हणणे असे की तो भाग वाचावा, पण प्रत्येक कृती कशासाठी सांगितली आहे हे विचारून. गोठण्याच्या भीतीने सांगितलेले सोडून द्यावे आणि गंजाच्या भीतीने सांगितलेले दुपटीने पाळावे. थंडीतल्या हवेत बाष्प मुळातच कमी असते. कोकणातल्या जुलैत हवाच ओली. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते तेच इंजिनात होते: आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की साधे मीठ हवेतले बाष्प ओढून विरघळते, आणि समुद्राच्या क्षारात असलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडला तर ३३ टक्केही पुरतात. नळीत राहिलेला क्षार दोन महिने कोरडा होतच नाही. इंजिन बंद असते, गंज चालू असतो.

दुरुस्तीनंतरच्या मे महिन्यात नाखव्याने स्वतःहून बोलावले. काम २० मेच्या सुमारास हाती घेतले. कागदावर मुदत ३१ मेची असली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. २०२१ साली तौक्ते मेच्या मध्यालाच किनाऱ्यावरून गेले, आणि २०२० सालचे निसर्ग ३ जूनला इथून जवळच, श्रीवर्धनकडे आदळले, त्यात दापोली तालुक्याची काय दशा झाली ती सगळ्यांनी पाहिली आहे. शिवाय खलाशी नेपाळचे. हिशेब झाला की गाडी पकडतात. हाताखाली माणसे असेपर्यंतच हे काम होते.

आंघोळ

पहिले काम समुद्राच्या पाण्याची बाजू धुण्याचे. नौका पाण्यात असतानाच ते करायचे ठरले. पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बंद केला, त्याचा होज काढून गोड्या पाण्याच्या पिंपात सोडला आणि इंजिन सावकाश चालवले. यात अवघड काही नाही. अवघड होते ते पाणी. मे महिन्यात गावात टँकर येतो, आणि मी दोनशे लिटरची दोन पिंपे मागितली. नाखवीणबाई जेटीवर उभ्या होत्या. "माणसांना हंडाभर मिळायची मारामार आणि तुमच्या इंजिनाला आंघोळ?" त्यांचे बरोबर होते.

मग एका पिंपात भागवले. पहिले साठ-सत्तर लिटर सरळ बाहेर जाऊ दिले, कारण त्यात सर्वांत जास्त क्षार असतो. नंतर थोडे स्वच्छ पाणी बाजूला काढून ठेवले, बाहेर पडणाऱ्या पाण्याला होज लावून ते परत पिंपात आणले आणि तेच पाणी पंधरा मिनिटे फिरवले. पाणी कोमट झाले, कोमट पाण्यात चिकटलेला क्षार जरा लवकर सुटतो. ते फेकून बाजूला ठेवलेल्या स्वच्छ पाण्याने शेवटचा हात मारला. शेवटचे पाणी चाखले तेव्हा खारटपणा जवळजवळ गेला होता. नंतर नौका चढवल्यावर हीट एक्स्चेंजरची दोन्ही झाकणे काढून पाणी निथळू दिले, नळ्यांतून सळई फिरवली, हवा मारली, नवा जस्ताचा दांडा बसवला. पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, काढून पिशवीत ठेवला. दोन महिने एकाच बाजूला दबून राहिला की त्याची पाती तशीच वाकडी राहतात.

इथे पुस्तिका सांगते की या बाजूला गोठणरोधक भरा. हर्णैत त्याची गरज नाही, कोरडी ठेवली की पुरे. आतल्या बंद कूलिंगचे मात्र उलटे. तिथे विहिरीचे पाणी होते, ते काढून कूलंट भरला, एकास दोन प्रमाणात. कूलंट गोठणे टाळण्यासाठी नव्हे, त्यातल्या गंजरोधक द्रव्यासाठी. ही बाजू रिकामी ठेवू नये; ओले कास्ट आयर्न उघडे पडले की आठवड्यात लाल होते.

तेल आणि डिझेल

नाखव्याची रीत अशी की तेल बदलायचे ते नारळी पौर्णिमेच्या आसपास, पूजेआधी, नव्या हंगामाला नवे तेल. भावना चांगली आहे, पण मग दोन महिने बेअरिंगांना बिलगून राहते ते जुने तेल, काजळी, आम्ल आणि पाण्याचा अंश असलेले. २०२० पासून डिझेलमधले गंधक दहा लाखांत दहा भागांवर आले, त्यामुळे आम्लाचा त्रास पूर्वीइतका नाही, पण पाणी आहेच. इंजिन गरम असतानाच जुने तेल काढले, फिल्टर बदलला, नवे १५डब्ल्यू-४० भरून पाच मिनिटे चालवले. हेच तेल ऑगस्टमध्ये पुढे वापरायचे, म्हणजे खर्च दुप्पट नाही, फक्त तीन महिने अलीकडे. गिअरबॉक्सचे तेलही त्याच बैठकीत.

इंजिन थंड झाल्यावर नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे स्वच्छ तेल सोडले, क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने दोन-तीन फेरे दिले, नव्या तांब्याच्या वायसरी घालून नोझल परत बसवली. तेल चमच्यानेच घालावे. जास्त ओतले तर जे पाण्याने केले तेच तेल करील.

डिझेलच्या टाकीवर बराच खल झाला. पुस्तिका म्हणते टाकी भरून ठेवा, म्हणजे आत हवा नाही आणि बाष्पही नाही. आठशे लिटरची टाकी, आत दीडशे शिल्लक. हंगाम संपताना साडेसहाशे लिटरचे पैसे कोणाच्या हातात असतात? डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा यायला वेळ, मच्छीमार सोसायटीची उधारी वेगळी, आणि भरलेली टाकी खाडीत राखणदाराच्या भरवशावर. अर्धवट टाकी सर्वांत वाईट: तळाशी पाणी बसते आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी वाढते, तीच पुढे काळ्या चिकट गाळाच्या रूपाने फिल्टर बंद पाडते. शेवटी टाकी पूर्ण रिकामी केली, तळाचा गाळ काढला, आतून तेलाचा फडका फिरवला, आणि डिझेल बॅरलमध्ये घरी नेले. लोखंडी टाकीला हा दुसऱ्या क्रमांकाचा उपाय आहे हे नाखव्याला तेव्हाच सांगितले होते. पाणी वेगळे करणारा फिल्टर बदलला, आणि पंपात व नोझलपर्यंतच्या नळ्यांत स्वच्छ डिझेल भरलेलेच ठेवले. ते काढून टाकायचे नसते.

पाइप, आणि एक बादली

नाखव्याला या वेळी पाइपावर मजबूत टोपण हवे होते. ते केले: सुताराकडून लाकडी गट्टू, त्याला ग्रीस लावलेला कपडा, वरून जाड कॅनव्हास, नायलॉनच्या दोरीने आवळलेला. पण वाऱ्यावर अवलंबून असलेला कुठलाही उपाय मला पहिला उपाय म्हणून नको होता. म्हणून इंजिनरूममध्ये, सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या मॅनिफोल्डला पाइप जिथे जोडतो तिथला जोड सोडला. मॅनिफोल्डच्या तोंडावर गॅस्केट घालून पत्र्याची चकती बसवली, पाइपाचे खालचे तोंड बाजूला सरकवून त्याच्याखाली बादली ठेवली. वरून कितीही पाणी आले तरी बादलीत. जोडाचे मोठे बोल्ट आणि इंजिनाची किल्ली एका पिशवीत घालून नाखव्याच्या घरी ठेवली, म्हणजे चकती न काढता कोणी सेल्फ मारायचा प्रश्न नाही. हवा आत घेणारे तोंडही प्लास्टिक आणि टेपने बंद.

इंजिनाची तोंडे बंद, पण इंजिनरूम उघडी. ताडपत्री चारी बाजूंनी खाली ओढून घट्ट बांधली की आत घाम धरतो. दोन्ही टोकांना हातभर फट ठेवली. तळाचे बूच काढून ठेवले, पावसाचे पाणी साचून गिअरबॉक्सपर्यंत चढायला नको. सेल्फ आणि बॅटऱ्या घरी, बॅटऱ्या महिन्याकाठी चार्ज. थंडीच्या देशात भरलेली बॅटरी हिवाळाभर तग धरते, आपल्या उकाड्यात ती आपोआप फार लवकर उतरते. बेल्ट सैल केले, वायरींच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावली.

मग नाखव्याचा जुना मुद्दा निघाला: आठवड्याला दहा मिनिटे इंजिन चालू केले असते तर गेल्या वर्षी हे झालेच नसते. यात तथ्य आहे. पाणी थोडे असतानाच लक्षात आले असते. तरी मी नको म्हणालो. एक लिटर डिझेल जळले की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. समुद्रात तासन्‌तास चाललेल्या गरम इंजिनातून ते निघून जाते. दहा मिनिटांत कोमट झालेल्या इंजिनात ते पाइपात, रिंगांवर, चेंबरमध्ये थंड होऊन बसते. त्यापेक्षा पंधरा दिवसांनी एकदा पाना लावून हाताने सव्वादोन फेरे द्यावेत, म्हणजे पिस्टन दर वेळी नव्या जागी थांबतो. हाताला पाणी लगेच कळते, पाना तिथेच अडतो, आणि हाताने रॉड वाकत नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात राखणदाराचा फोन आला, कॅनव्हास फाटून लोंबतो आहे आणि गट्टू एका बाजूने वर आला आहे. जाऊन पाहिले तर बादली निम्मी भरलेली, पाणी तांबूस. आदल्या वर्षी "पाणी जाईल कुठनं" म्हणणारा नाखवा त्या बादलीकडे बराच वेळ पाहत उभा होता. नंतर त्याने स्वतः ती रिकामी केली.

उघडल्यावर

२८ जुलैला उलट्या क्रमाने काम केले. चकती काढली, पाइप जोडला, इंपेलर बसवला, बेल्ट ताणले, बॅरलमधले डिझेल गाळून टाकीत घातले. आधी पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे, मोकळे. मग स्टॉपची तार ओढून धरून सेल्फ, तेलाच्या प्रेशरचा काटा हलेपर्यंत. मग डिझेलच्या लाइनची एअर काढली. इंजिन पहिल्याच दमाला लागले, पहिले मिनिटभर निळसर धूर आला, तो सिलिंडरमध्ये घातलेल्या तेलाचा.

सगळे सुरळीत मात्र झाले नाही. नौका पाण्यात उतरवून खाडीतच चाचणी घेतली, तेव्हा पाऊण तासाने इंजिन ओढ सोडू लागले. फिल्टर साफ, एअर नाही. टाकीचे झाकण उघडताच फुस्सकन हवा आत ओढली गेली आणि इंजिन सुधारले. टाकीच्या हवेच्या नळीत कुंभारमाशीने मातीचे घर केले होते, बोटभर लांब, पक्के. टाकी रिकामी म्हणून ती नळी उघडी ठेवली होती. आता तिच्या तोंडावर पितळी जाळी आहे. टाकीच्या छताला आतून गंजही धरला होता, तेलाचा फडका तिथे पुरला नाही. पुढच्या मेमध्ये टाकी भरून ठेवायची की फायबरची करून घ्यायची, यावर नाखवा आणि सोसायटी यांचे बोलणे चालू आहे.

सगळा खर्च, तेल-फिल्टर-कूलंट-दांडा-मजुरी धरून, बारा-तेरा हजार झाला, आणि त्यातले तेल तर एरवीही लागलेच असते. शेजारच्या दोन नौकांवर यंदा चकती आणि बादली आली आहे. गोड्या पाण्याने धुण्याचा खटाटोप मात्र त्यांनी केला नाही, पाणी मिळत नाही म्हणतात. त्यांची इंजिने लागली ठीक. तापतात की नाही ते ऑक्टोबरात, जाळे ओढताना पूर्ण भार आल्यावर कळेल.